काजळी जाते कुठे?



गाडीविषयीचे प्रश्न या सदराकडे नेहमीच येतात. पण अलीकडे एकच प्रश्न अश्दोदहून आला, लोदहून आला आणि दिमोनाहूनही आला. प्रश्न असा, की मुसाखवाला म्हणतो, "तुमचा ई.जी.आर. काजळीने भरलाय. साफ करू, की कायमचा बंद करून टाकू?" साफ करायला पैसे जास्त, बंद करायला कमी. मग करावे काय?

उत्तर एका ओळीत देता येईल, पण ते एका ओळीत पटणार नाही. म्हणून या वेळी आम्ही तुम्हांला जपानला घेऊन जाणार आहोत. गाडीच्या काजळीवरून तिथे कायदे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, मोठमोठ्या कंपन्यांची अब्रू गेली. आणि काजळी साफ करण्याच्या युक्त्याही तिथल्या लोकांनी भरपूर काढल्या. बालमित्रांनो, तुम्हीही वाचा. इंजिनाची गोष्ट अवघड नसते, समजावून सांगणारा घाई करतो म्हणून ती अवघड वाटते.

आधी काजळी म्हणजे काय ते पाहू. मुलांनो, तुम्ही शाळेत जिला "पीआख" म्हणता तीच ही. आपल्या आजी-आजोबांना ती चांगली ठाऊक आहे. अलिबाग, पेण, रेवदंड्याकडच्या घरांत वीज येण्यापूर्वी संध्याकाळ झाली की कंदिलाची काच पुसण्याचे काम घरातल्या एखाद्या पोराकडे असे. वात मोठी केली की काच काळी व्हायची. का? कारण तेल पुष्कळ आणि हवा कमी. तेल पुरते जळले नाही की त्यातला कार्बन धूर होऊन वर जातो आणि गार काचेला चिकटतो. मग चुलीतली राख आणि फडके घेऊन बसायचे. ज्याचा हात काचेत जाईल असा लहान, त्याच्याच नशिबी हे काम!

आपण तर शनिवार तेल्यांची लेकरे. तेल, वात आणि काजळी यांचे आपल्याशी जुने नाते आहे. जपानात नारा नावाचे प्राचीन शहर आहे. तिथे याच काजळीची शाई करतात. मोहरीच्या जातीच्या बियांचे किंवा तिळाचे तेल मातीच्या पणत्यांत जाळायचे, वर मातीचे झाकण धरायचे, आणि झाकणाला आतून जी मऊ काजळी धरते ती खरवडून, सरसात मळून, वड्या पाडायच्या. कोबाईएन नावाचे तिथले दुकान १५७७ सालापासून हाच धंदा करते. म्हणजे काजळी सगळीकडे वाईटच असे नाही. झाकणावर धरली तर ती माल, छातीत गेली तर रोग. प्रश्न असतो तो ती कुठे जाऊन बसते याचा. आमचा आजचा सगळा लेख एवढ्याच गोष्टीवर आहे.

आता नाराहून टोकियोला येऊ.

१९९९ साली शिंतारो इशिहारा टोकियोचे गव्हर्नर झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी "डिझेल गाड्या नकोत" अशी मोहीमच उघडली. पत्रकारांपुढे ते प्लॅस्टिकची एक साधी पाण्याची बाटली घेऊन यायचे. बाटलीत पाणी नव्हे, काळी भुकटी! डिझेल गाड्यांच्या धुरातून गोळा केलेली काजळी. बाटली हलवून ते सांगत, की असल्या अर्ध्या लिटरच्या एक लाख वीस हजार बाटल्या भरतील एवढी काजळी टोकियोच्या हवेत रोज सोडली जाते. वजनाने रोज १२ टन. इशिहारांच्या इतर राजकारणाबद्दल लोकांची मते काहीही असोत, पण ती बाटली टोकियोत कोणी विसरले नाही. धूर हवेत असतो तोवर तो कोणाचाच नसतो. बाटलीत भरला की विचारता येते, हा कोणाचा?

डिसेंबर २००० मध्ये टोकियोने कायदा केला आणि १ ऑक्टोबर २००३ पासून तो लागू झाला. शेजारच्या साइतामा, चिबा आणि कानागावा या प्रांतांनीही त्याच दिवसापासून तसाच नियम सुरू केला. काजळीच्या मर्यादेत न बसणारे डिझेलचे ट्रक आणि बस या चार ठिकाणी चालवायला बंदी. मालकापुढे वाटा दोनच, नवी गाडी घ्या नाहीतर जुनीला काजळी अडवणारा फिल्टर बसवा. बाहेरगावाहून येणाऱ्या ट्रकलाही सूट नव्हती. तेलकंपन्यांनीही आपला वाटा उचलला. डिझेलमधले गंधक २००३ मध्ये दहा लाखांत ५० भागांवर आणले आणि २००५ पासून १० भागांवर. गंधक कमी झाले नसते तर नवे फिल्टर टिकलेच नसते.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. धूर वाईट, तो अडवला. पण डिझेल इंजिनातून नुसती काजळीच निघत नाही, दुसरे एक विष निघते आणि ते डोळ्यांना दिसतही नाही.

आपण श्वासात घेतो त्या हवेत चार हिस्से नायट्रोजन आणि एक हिस्सा प्राणवायू असतो. एरवी हे दोघे एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. पण इंजिनात फार मोठी आच झाली की त्यांचे जमते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. ही बाहेर आली, वर ऊन पडले, की हवेत झोंबणारा धुरकट थर धरतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, दमेकऱ्याला धाप लागते. टोकियोला याचा पहिला मोठा धक्का १८ जुलै १९७० रोजी बसला. सुगिनामी भागातल्या एका शाळेत मैदानावर व्यायाम करणाऱ्या चाळीसहून अधिक मुलींना एकाएकी डोळ्यांचा, घशाचा आणि श्वासाचा त्रास होऊन दवाखान्यात न्यावे लागले. त्यानंतर जपानने नियम कडक करत नेले. १९७८ चा पेट्रोल गाड्यांचा नियम तर त्या काळी जगात सर्वांत कडक नियमांपैकी मानला गेला. एक किलोमीटर चालताना पाव ग्रॅमहून जास्त नायट्रोजन ऑक्साइडे सोडायची नाहीत!

हे साधायला ज्या युक्त्या निघाल्या त्यांतलीच एक म्हणजे ई.जी.आर. सायलेन्सरकडे चाललेल्या धुरातला काही भाग एका नळीने मागे वळवायचा आणि ताज्या हवेबरोबर पुन्हा इंजिनात सोडायचा. आजी चुलीतला जाळ फार भडकला की निखाऱ्यावर थोडी राख सारते ना, तसेच. जळून गेलेल्या धुरात प्राणवायू थोडाच उरलेला असतो. तो आत गेला की आच मऊ होते आणि आच मऊ झाली की नायट्रोजनची ऑक्साइडे कमी होतात. किती धूर मागे घ्यायचा हे ठरवायला नळीवर एक झडप असते, तिला ई.जी.आर. व्हॉल्व्ह म्हणतात. धूर फार गरम असू नये म्हणून वाटेत थंड करणारी एक पेटीही असते, तिला कूलर म्हणतात.

युक्ती छान. पण आच मऊ केली, हवेतला प्राणवायू कमी केला, म्हणजे आपण काय केले? कंदिलाची वात मोठी केली! एक विष दाबले तर दुसरे, म्हणजे काजळी, डोके वर काढते. डिझेल इंजिन बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्याची गेली कित्येक वर्षे हीच ओढाताण चालली आहे. त्यात आणखी भर अशी, की इंजिनाच्या पोटातून तेलाची वाफ निघते, तीही हवेच्या वाटेने परत आत सोडलेली असते. कोरडी काजळी आणि तेलाची वाफ एकत्र आली की डांबरासारखा चिकट थर होतो. तो हवेच्या नळ्यात बसतो, झडपेवर बसतो, कूलरच्या बारीक वाटांत बसतो. मनगटाएवढा नळा वर्षानुवर्षांनी बोटाएवढा उरतो.

म्हणजे बघा, टोकियोच्या आकाशातली काजळी कमी झाली, पण तिच्यातली थोडी गाडीच्या पोटात येऊन बसली.

जपानी कारखान्यांनाही हे चुकले नाही. माझ्दा कंपनीने फेब्रुवारी २०१२ मध्ये सीएक्स-५ नावाची गाडी आणली. तिच्या नव्या डिझेल इंजिनात दाब मुद्दाम कमी ठेवला होता, १४ ला १. त्यामुळे आच आपोआपच मऊ राहते आणि नायट्रोजनची विल्हेवाट लावणारी वेगळी महागडी यंत्रणा लागत नाही. इंजिनाची जगभर वाहवा झाली. परंतु नोव्हेंबर २०१८ मध्ये याच कंपनीला जगभरातल्या सुमारे ६ लाख ४० हजार डिझेल गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. झडपांच्या स्प्रिंगचा जोर अपुरा, त्यात काजळी, आणि त्यामुळे इंजिन नीट न चालण्याचा धोका. आम्ही हे कोणाला नावे ठेवायला सांगत नाही. उत्तम इंजिनवाल्यांनाही काजळीने दमवले, मग आपली गाडी कोण लागून गेली, एवढेच म्हणायचे आहे.

आता प्रश्न साफसफाईचा. जपानी लोकांना काजळी झाडण्याची परंपराच आहे. तिथे १३ डिसेंबरला वर्षअखेरची काजळी झाडायची जुनी रीत आहे, तिला "सुसुहाराई" म्हणतात. सुसु म्हणजे काजळी. एदो काळात, म्हणजे टोकियोचे नाव एदो होते तेव्हा, राजवाड्यापासून वाण्याच्या दुकानापर्यंत सगळे त्या दिवशी लांब बांबूला पाला बांधून आढ्याची काजळी पाडत. बालमित्रांनो, काम संपले की दुकानातले नोकर आपल्या मालकाला उचलून हवेत उडवत आणि झेलत! देवळांतून ही रीत आजही पाळतात. या रीतीतली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. काजळी दिसली की झाडू, असे ते म्हणत नाहीत. चूल पेटते आहे म्हणजे काजळी धरणारच, तेव्हा दिवस नेमून झाडायची.

जपानी गॅरेजांत हे काम तीन तऱ्हांनी करतात.

पहिली तऱ्हा हाताची. झडप खोलून बाहेर काढायची, औषधाने काजळी मऊ करायची, ब्रशने घासायची आणि पुसायची. वेळखाऊ, पण डोळ्यांसमोर होते.

दुसरी अक्रोडाची. होय, अक्रोड! अक्रोडाच्या टरफलाचा जाडसर भुगा हवेच्या दाबाने इंजिनाच्या आत, झडपांच्या मागच्या बाजूस मारायचा आणि त्याच वेळी दुसऱ्या नळीने खेचून बाहेर काढायचा. टरफल काजळीहून कठीण आणि धातूहून मऊ, त्यामुळे घाण निघते आणि इंजिनाला ओरखडा येत नाही. आपल्याकडे पितळेची भांडी चिंच आणि राखेने घासत, दगडाने नव्हे, त्यातलाच हा विचार. मात्र ज्या खणात भुगा मारायचा त्याच्या झडपा मिटलेल्या असायला हव्यात, आणि शेवटचा कण बाहेर आल्याशिवाय इंजिन चालू करायचे नाही.

तिसरी सुक्या बर्फाची. कार्बन डायऑक्साइड गोठवून केलेल्या या बर्फाचे बारीक कण, उणे ७८ अंशांचे, जोराने मारतात. काजळीचा थर थंडीने तडकतो आणि सुटतो, आणि बर्फाचा वायू होऊन तो उडून जातो. मागे ओल राहत नाही, भुगा राहत नाही, उरते ती फक्त काजळी गोळा करायची. डिझेल गाड्यांच्या मालकांत ही पद्धत अलीकडे बरीच पसंत पडली आहे. यंत्र मात्र महाग, त्यामुळे प्रत्येक गॅरेजात नसते.

इथे आपल्या मुसाखमध्ये बहुधा पहिलीच तऱ्हा असते आणि ती नीट केली तर पुरते. नीट म्हणजे कशी, ते सांगतो. उभे राहून पाहता येईल आणि विचारताही येईल.

इंजिन थंड हवे. साफ करायचे औषध पेट घेणारे असते, गरम इंजिनावर ते मारणे म्हणजे आगीला आमंत्रण. बॅटरीची तार सोडवावी. झडप काढताना कुठला बोल्ट कुठचा ते कागदावर मांडून ठेवावे. औषध फक्त धातूच्या भागावर मारावे. झडपेच्या डोक्यावर विजेची मोटर असते, तिच्यात औषध शिरले तर साफ झालेली झडप मेलेली झडप होते. म्हणून अख्खी झडप औषधात बुडवू नये. घासायला नायलॉनचा ब्रश घ्यावा. जिथे झडप टेकते ती कड आरशासारखी साफ लागते, तिथे पटाशी किंवा तारेचा ब्रश चालवला तर ती कधीच नीट मिटणार नाही. झडप बाहेर आहे तोवर तिची नळी आणि कूलरची वाटही पाहून घ्यावी. दार झाडले आणि ओटी तशीच ठेवली तर काय उपयोग? सुटलेली काजळी आत ढकलू नये, बाहेर ओढावी. परत बसवताना गॅस्केट नवे घालावे, जुन्या गॅस्केटातून धूर गळतो. आणि पुष्कळ गाड्यांत शेवटी संगणक जोडून झडपेची नवी स्थिती इंजिनाला शिकवावी लागते. ते केले नाही तर साफ झडपेवरही दिवा पेटतो आणि ग्राहक म्हणतो, पैसे पाण्यात गेले.

बाजारात डबे मिळतात, नळीतून फवारा आणि झाले, असे त्यावर लिहिलेले असते. थोडी काजळी असेल तर त्याने थोडा फरक पडतो. पण पुष्कळ साचलेली असेल तर मोठी ढेपच सुटून इंजिनात जाण्याची भीती असते. तेव्हा जुन्या गाडीवर हा प्रयोग माहीतगाराला विचारल्याशिवाय करू नये.

आणखी एक. ही काजळी नाराच्या शाईसारखी निर्मळ नाही. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत पहिल्या वर्गात घातला. म्हणून काम करणाऱ्याने हातमोजे आणि तोंडाला मास्क लावावा, काम उघड्यावर करावे, आणि फडके तसेच न झटकता पिशवीत बांधून टाकावे. मुलांनो, बघायला लांबून उभे राहा. हात लावायचा नाही, बरं का.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. साफ करायचा, की बंद करून टाकायचा?

बंद करणे म्हणजे नळीत पत्र्याची एक चकती घालायची, किंवा संगणकातून झडप गप्प करायची. यात लबाडी नाही असे मुसाखवाल्याला वाटत असेल. गाडी धावेल, कदाचित आधीपेक्षा चपळ वाटेल, आणि आत काजळी साचणेही थांबेल. खोटे काहीच नाही. फक्त आच पुन्हा भडकते आणि ते दुसरे, डोळ्यांना न दिसणारे विष पूर्वीसारखे बाहेर पडू लागते. तुमच्या गाडीचे पोट साफ राहिले ते शेजाऱ्याच्या छातीच्या खर्चाने.

हे आम्ही नुसते भावनेने म्हणत नाही. टोकियोत याचा हिशेब कोर्टात झाला. १९९६ मध्ये दम्याच्या आणि श्वासाच्या इतर रोगांच्या रुग्णांनी सरकारवर, टोकियोच्या प्रशासनावर, रस्ते बांधणाऱ्या महामंडळावर आणि सात मोटार कंपन्यांवर दावा लावला. पुढे दावेदारांची संख्या सहाशेंच्या वर गेली. मोठ्या रस्त्यांच्या कडेला राहिलेली ही साधी माणसे. पुष्कळांकडे स्वतःची गाडीही नसेल. ऑक्टोबर २००२ मध्ये जिल्हा कोर्टाने सरकार, टोकियो आणि महामंडळ यांना काही जणांची भरपाई करायला लावली, पण कंपन्या सुटल्या. रुग्ण हटले नाहीत. ८ ऑगस्ट २००७ रोजी तडजोड झाली. सात कंपन्यांनी मिळून १२० कोटी येन दिले, शिवाय दमेकऱ्यांच्या औषधपाण्याच्या योजनेतही वाटा उचलला. ती योजना टोकियोने २००८ मध्ये सुरू केली. निकाल लागेपर्यंत त्या दावेदारांतले कित्येक जण हयात नव्हते.

याच काळात दुसरी एक घटना घडली, ती तर मन खिन्न करणारी. टोकियोच्या नियमासाठी जुन्या ट्रकांना जे फिल्टर बसवले, त्यांतले काही मित्सुई या बड्या कंपनीच्या घरातले होते. नोव्हेंबर २००४ मध्ये उघड झाले, की मंजुरी मिळवताना चाचणीचे आकडे खोटे दिले होते. असे सुमारे २१,५०० फिल्टर विकले गेले होते. ट्रकवाल्याने पैसे मोजले, सरकारने मदत दिली, कागदावर शिक्का बसला, आणि काजळी जात होती तशी जातच होती. कागद कंदिलाची काच पुसत नाही, काच हातानेच पुसावी लागते.

म्हणून आमचे उत्तर स्पष्ट आहे. ई.जी.आर. साफ करावा, बंद करू नये. कोणी स्वस्तात बंद करून देतो म्हणाला तर "नको" म्हणावे आणि दुसरा मुसाख शोधावा. टेस्टच्या वेळी धूर मोजतात ही भीती तर आहेच, आणि हैफासारख्या शहराने २०१८ पासून जुन्या धुरकट डिझेल गाड्यांना टप्प्याटप्प्याने आत येण्यास मज्जाव केला आहे. जपानात तर दर दोन वर्षांनी "शाकेन" नावाची तपासणी असते, नव्या मोटारीला पहिली तीन वर्षांनी. ऑक्टोबर २०२४ पासून नव्या मॉडेलांच्या बाबतीत गाडीच्या संगणकात नोंदलेले बिघाडही तिथे वाचून पाहतात. पण नियम नसता तरीही आमचे उत्तर हेच राहिले असते.

झडप भरली हे ओळखायचे कसे? उघडी अडकली तर सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, मधेच बंद पडते, चढावर दम लागतो, मागून काळा धूर येतो. मिटलेली अडकली तर इंजिन ठोके देते आणि टेस्टला गाडी नापास होते. दोन्ही वेळा बहुधा समोर पिवळा दिवा लागतो. मात्र हीच लक्षणे दुसऱ्या दुखण्यांचीही असतात, त्यामुळे आधी संगणकावर तपासून घ्यावे, मग खोलावे. आणि ज्यांच्याकडे डिझेल नाही त्यांनी निश्चिंत राहू नये. पेट्रोलवर चालणाऱ्या हायब्रीड गाड्यांतही ई.जी.आर. असतो, टोयोटाच्या प्रियसमध्ये २००९ च्या मॉडेलापासून आहे, आणि त्याचा कूलरही हळूहळू तुंबतो.

साचू नये म्हणून काय करावे? आमच्या ज्येष्ठ वाचकांना हे खास सांगायचे आहे. आपली गाडी जाते कुठे? कुपत खोलीमला, शूकमध्ये, आणि घरी. पाच मिनिटे चालली, थंड झाली, पुन्हा पाच मिनिटे. इंजिन तापतच नाही, आणि गार चुलीतून धूर जास्त. जपानी लोक अशा चालवण्याला "चोइनोरी" म्हणतात आणि तिथले मेकॅनिक ग्राहकांना त्यावरूनच बोल लावतात. तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा तरी गाडी मोठ्या रस्त्यावर न्यावी, वीस-पंचवीस मिनिटे एका चालीने चालवावी. स्वतःला जमत नसेल तर मुलाला, नातवाला सांगावे. तेवढेच त्याच्याशी बोलणेही होईल! तेल वेळेवर बदलावे आणि पुस्तकात लिहिले असेल तेच घालावे. फिल्टर असलेल्या डिझेल गाडीला कमी राख करणारे तेल लागते. जपानी गाडीच्या डब्यावर "डी.एल.-१" अशी खूण असते ती त्याचीच. आणि दर टेस्टच्या आधी, जपानी लोक डिसेंबरात आढे झाडतात तसे, ई.जी.आर. एकदा पाहून घ्यायला सांगावे. पाहायला थोडाच वेळ लागतो, आणि थर पातळ असतानाच पुसला तर खोलण्याचा मोठा खर्च पुष्कळ वर्षे लांबतो.

साफ केल्यावर फडके काळे होते, हात काळे होतात. ती काजळी निदान पिशवीत बांधता येते. हवेत सोडलेली कोणालाच बांधता येत नाही.

पुढच्या अंकात बॅटरीविषयी. उन्हाळ्यात ती का मरते, हा प्रश्न बीर शेव्याहून आला आहे. तुमचे प्रश्न आमच्याकडे पाठवत राहा. अक्षर कसेही असले तरी चालेल.

शालोम आणि लेहितराओत.